मध्ययुगीन युरोपात सात महापापांना परलोकात कोणत्या शिक्षा सांगितल्या जात?

ठरलेली एकच यादी नव्हती. सातही पापं ओळीने येतात ती इटालियन कवी दान्तेच्या १४व्या शतकातल्या महाकाव्यात, तीही नरकापेक्षा शुद्धिस्थानाच्या (स्वर्गात जाण्याआधी पापं धुऊन निघतात त्या जागेच्या) डोंगरावर. गर्विष्ठ पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात, मत्सरी लोकांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या, आळशी सतत धावतात, खादाड फळांनी लगडलेल्या झाडाजवळ उपाशी.

मला स्वतःला त्याआधीची टुंडेलच्या परलोकयात्रेची कथा जास्त हलवून जाते. मार्कस नावाच्या आयरिश भिक्षूने ती ११४९च्या सुमारास जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये लॅटिनमध्ये लिहिली. टुंडेल हा आयरिश सरदार. त्याने एकदा गाय चोरलेली. परलोकात बेफाम गाय ओढत त्याला पूल ओलांडावा लागतो. पूल दोन मैल लांब, रुंदी तळहाताएवढी, वर टोकदार खिळे, खाली भुकेली श्वापदं. कधी गाय घसरते, कधी तो. मधोमध समोरून धान्याची पेंढी घेतलेला दुसरा जीव येतो. मागे फिरायला जागा नाही, पाय रक्ताळलेले, दोघेही रडत उभे! "गाय तर मी परत केली होती," असं टुंडेल आधीच वाट दाखवणाऱ्या देवदूताला सांगतो. लपवणं जमेना तेव्हा केलीस, म्हणून शिक्षा फक्त कमी झाली, असं उत्तर त्याला मिळतं.