वाचक विचारतात: आमच्या वेळचं सगळं भारी, आत्ताचं सगळं भिकार?

प्रश्न: मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, वय 68. आमच्या लहानपणी गणपतीत शाहिरी असायची, पोवाडे असायचे, गल्लीत पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. आता मिरवणुकीत डीजे आणि लेसर, आणि घरात नातू दिवसभर रील बघत बसतोय, एक गाणं म्हणून पुरं ऐकत नाही. ज्या गावाला कलापूर म्हणायचे त्याची ही गत. पिढी बदलली की दर्जा घसरतो हे खरं की माझंच वय झालंय?

उत्तर: काका, रागावू नका, थोडं वय झालंय आणि थोडं तुमचं बरोबर पण आहे, फक्त तुम्ही बोट ठेवलंय ते जरा बाजूला पडलंय असं मला वाटतंय.

‘आत्ताचं सगळं बिघडलं’ ही तक्रार काय आजची नाही. बाबूराव पेंटरांनी 1920 ला आपल्या कोल्हापुरात ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, त्यातला कीचकवध इतका खराखुरा वठला की सरकारनं तो सीन कापायला लावला, आणि वर त्यात बायकांनीच बायकांची कामं केलेली म्हणून लोकांनी नाकं मुरडली ती वेगळीच. पुढं बोलपट आला आणि संगीत नाटकाचं कंबरडं मोडलं, तेव्हा नाटकवाले ह्या बोलपटाला काय काय बोलले असतील ते तुम्हीच समजून घ्या. आणि दादा कोंडके? त्यांचे सलग नऊ पिक्चर पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद झाली. ती गाणी काय देवघरात म्हणायची नव्हती. आमचे वडील एरवी फार सोवळे, पण दादांच्या पिक्चरला तिकिटाच्या लाइनीत त्यांचा शर्ट फाटलेला आणि ती गोष्ट आई अजून चारचौघात सांगते. आता तेच वडील माझ्या भाचीच्या मोबाईलकडं बघून ‘काय ही अश्लील गाणी’ म्हणतात.

शिवाय चाळणीचा हिशेब असतोय. तुमच्या काळात पण टुकार गाणी ढिगानं निघाली, ती सगळी विसरून गेली, राहिली ती वीस-पंचवीस चांगली. आत्ताचा ढीग अजून चाळायचाच आहे.

मग घसरलंय काय? माझ्या मते गाव स्वतः काही करायचं ते घसरलंय. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमा करायचा म्हणून आधी कॅमेराच बनवायला बसलेले. आनंदराव 1916 ला गेले, काम अर्धवट राहिलं, तरी बाबूरावांनी आपल्या सहकारी दामल्यांना हाताशी धरून 1918 पर्यंत कॅमेरा उभा केलाच. त्याच तालमीतल्या चौघांनी एक भागीदार जोडून 1929 ला प्रभात फिल्म कंपनी काढली आणि 1933 ला ती पुण्याला नेली, म्हणजे उतरण मोजायचीच तर नातवाच्या मोबाईलपासून नको, तिथनं मोजा की! तरी नंतर इथल्या जयप्रभा स्टुडिओत दिग्दर्शक भालजी पेंढारकर होते, गावातली माणसं तिथं सुतारकामाला, रंगवायला, शिवणकामाला, गर्दीत उभं राहायला जायची. सिनेमा ही गावातल्या घरांची रोजीरोटी होती, नुसती बघायची गोष्ट नव्हती.

आमच्या गल्लीचंच घ्या. पूर्वी मिरवणुकीला हलगी, घुमकं, कैताळ अशी वाद्यं असायची, लेझीम असायची. हलगी वाजवायच्या आधी शेकायला लागते, पोरं कोपऱ्यावर कागद-काटक्या पेटवून कातडं जाळावर धरायची, मधनंच बोटानं टिचकी मारून आवाज बघायची, ढब आवाज आला की परत जाळावर. दहा-बारा पोरं महिनाभर रोज रात्री सराव करायची आणि शेजारचे शिव्या द्यायचे. आता महिनाभर वर्गणी गोळा करायची आणि एका दिवसाचा डीजे सांगायचा. त्या ट्रॅक्टरवर एकच माणूस, त्याच्या हातात पेनड्राइव्ह, बाकी दोनशे पोरं नुसती खाली नाचणार. नाचू देत की, माझी तक्रार नाचण्याबद्दल नाही. नियमाप्रमाणं वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आमच्या कपाटातली कपबशी खडखडायला लागली की समजायचं किती झालंय ते. पण आवाजापेक्षा मला हे लागतंय की त्या दोनशे पोरांत हलगी शेकता येणारी आता दोन पण सापडत नाहीत.

एकत्र बसून ऐकायचं पण कमी झालं, ते तुमचं शंभर टक्के बरोबर. आमच्यात एकच रेडिओ होता, सांगली केंद्र लागायचं, आजीला भजन पाहिजे आणि काकाला क्रिकेट, त्यावरून भांडणं व्हायची पण भांडता भांडता दोघांचं दोन्ही कानावर पडायचं. आता घरात चार माणसं आणि चार हेडफोन, भांडण नाही आणि ऐकणं पण नाही. व्हीनस कॉर्नरचं नाव टॉकीजवरून पडलंय हे माझ्या भाचीला माहीतच नव्हतं, तिला वाटलेलं हॉटेल असेल.

तरी एक सांगते. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्याच दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवराव यांची जयंती होती, 1915 चं ते थिएटर. बातमी कळल्यावर आम्ही नाट्यगृहाशेजारच्या खासबागेकडं धावलो तर तिथं तुमच्या वयाची माणसं होतीच, पण विशीतली पोरं पण रडत उभी होती, स्पर्धेच्या एकांकिका केलेली. तुम्ही म्हणताय तसा सगळा निकाल लागला असता तर ती पोरं तिथं कशाला आली असती?

नातवाला रागवून उपयोग नाही. यंदा गणपतीत त्याला गल्लीतल्या कुणा म्हाताऱ्या हलगीवाल्याकडं घेऊन जा, रील करायचं म्हणून सांगा, लगेच येतोय बघा.

प्रश्न: मी 19 वर्षांची, राजारामपुरी. आजोबा माझी प्लेलिस्ट ऐकून कान झाकतात. माझी चॉइस खरंच इतकी भिकार आहे का?

उत्तर: अगं, ऐकल्याशिवाय कसं सांगू? पण आजोबांना एकदा बाजूला घेऊन विचार, टॉकीजमध्ये सगळ्यात जोरात शिट्टी कुठल्या गाण्याला मारली होती. आजी समोर नसताना विचार.