क्रॅश एकीकडे, चूक दुसरीकडे

प्रश्न : मी लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिला आहे. तो लोड केला की काही तासांत कर्नल पॅनिक होतो (सिस्टिमचा गाभाच कोसळतो). स्टॅक ट्रेस (त्या क्षणी कुठलं फंक्शन कुणी बोलावलं होतं, त्याची यादी) कधी फाइल सिस्टिमचा, कधी नेटवर्कचा. माझ्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही. मग दोष कुणाचा?

बहुधा तुमचाच! सारख्या मापाची मेमरी कर्नल सगळ्यांना एकाच स्लॅबमधून (सारख्या तुकड्यांच्या साठ्यातून) देतो. तुम्ही सोडलेले ६४ बाइट पुढच्या क्षणी नेटवर्ककडे जाऊ शकतात. जुन्या पॉइंटरनं (जपून ठेवलेल्या मेमरीच्या पत्त्यानं) तुम्ही तिथं लिहिलंत, की कोसळतो तो नवा मालक, आणि तोही बऱ्याच वेळानं. म्हणून ट्रेसचा कीस पाडत बसू नका, लिहिणाऱ्याला रंगेहाथ पकडा. त्यासाठी कासॅन (KASAN, मेमरीच्या चुका पकडणारा कर्नलमधला तपासनीस) चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड करा. (लिनक्स ४.० मध्ये, म्हणजे २०१५ पासून, तो आहे.) दर ८ बाइटांमागे १ बाइट तो हिशेबाला ठेवतो, आणि कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी पेरतो. सोडलेल्या मेमरीला हात लागला की अहवालात तीन ट्रेस येतात : हात कुणी लावला, मेमरी कुणी घेतली होती, कुणी सोडली. मी आधी तिसरा वाचतो. घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

एक मेख मात्र आहे. उपकरणानं डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला वगळून, मेमरीत परस्पर लिहिलेलं कासॅनला दिसत नाही. तो संशय असेल तर आयओएमएमयू (उपकरणाला नेमून दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ न देणारं हार्डवेअर) चालू ठेवा.

प्रश्न : स्लब डिबग (स्लब या कर्नलच्या मेमरी वाटप करणाऱ्या भागाची तपासणी) लावल्यावर रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असं दिसतं. हा कचरा का?

याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. सोडलेल्या मेमरीत स्लब मुद्दाम ६बी भरतो. तुमच्या कोडनं तिथून पॉइंटर उचलला. ५ए दिसलं तर मेमरी घेतली, पण भरायची राहिली. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट मशीनवर 'डेड'नं सुरू होऊन १०० किंवा १२२ नं संपणारा पत्ता म्हणजे लिस्टमधून आधीच काढलेली नोंद.

प्रश्न : कासॅन लावला की क्रॅशच होत नाही!

वेळेचं गणित बदललं. दोन थ्रेडमधली रेस (कोण आधी पोचतो यावर निकाल ठरणारी चूक) असावी. केफेन्स (KFENCE) हा कर्नलमधलाच हलका तपासनीस वापरा (लिनक्स ५.१२ पासून). तो मोजक्याच ऑब्जेक्टवर पहारा ठेवतो, त्यामुळे मशीन फारसं मंदावत नाही. पण एका मशीनवर दोष हाती लागेलच असं नाही. बऱ्याच मशीनवर दिवसेंदिवस चालू ठेवा.

प्रश्न : रॅमच खराब असेल तर?

बिघडलेल्या आकड्यात एकच बिट उलटा असेल आणि क्रॅश एकाच मशीनवर होत असेल, तर रात्रभर मेमटेस्ट चालवा. दुसऱ्या मशीनवरही तेच झालं, तर रॅमला बोल लावू नका.