आद्य ख्रिस्ती रोमची पायी फेरी : वाचकांचे प्रश्न

रोम शहरातील आद्य ख्रिस्ती स्थळे मार्गदर्शकासोबत पायी फिरून पाहण्याविषयी विदर्भातील वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे जमली आहेत. कुणाचा मुलगा इटलीत शिकतो आहे, कुणाच्या मंडळीतील, म्हणजे ख्रिस्ती उपासक-समूहातील, लोक मिळून प्रवासाचा बेत आखत आहेत, तर कुणाला केवळ कुतूहल आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यातील एका गावचा निवृत्त शिक्षक आहे. पत्नीसह मुलाकडे इटलीला जाणार असून रोमसाठी दोनच दिवस हाती आहेत. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमात कोलोसियम, त्रेवीचे कारंजे आणि सेंट पीटर्स एवढेच दिसते. येशूचा प्रेषित पौल याने ज्या मंडळीला पत्र लिहिले तिच्या खुणा पायी फेरीत पाहता येतील काय? माझे गुडघे फार साथ देत नाहीत.

उत्तर : गुरुजी, एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पौलाच्या काळातील ख्रिस्ती लोकांनी उपासनेसाठी बांधलेली एकही इमारत आज रोममध्ये उभी नाही, कारण तशी ती तेव्हा बांधलीच गेली नव्हती. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम सांगतो, त्यावरून लोक घरोघरी जमत असत हे उघड आहे. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिकिनियस यांनी ३१३ साली ख्रिस्ती धर्माचरणाला मोकळीक दिली आणि त्यानंतर मोठी उपासनागृहे उभी राहिली. त्यामुळे आपल्याला पाहायला मिळते ते तीन प्रकारचे : शहराबाहेरील भूमिगत दफनस्थाने, चौथ्या-पाचव्या शतकांतील बॅसिलिका, म्हणजे लांबट सभागृहासारखी मोठी चर्च, आणि त्या बॅसिलिकांच्या पोटात दडलेली जुनी रोमन घरे.

एका सकाळीत झेपेल अशी फेरी एस्क्विलिन टेकडीवरून सुरू होते आणि जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची आहे. पहिला मुक्काम सांता पुदेंझियाना. हे चर्च रस्त्याच्या पातळीपेक्षा बरेच खाली असल्याने पायऱ्या उतरून जावे लागते. शतकानुशतके शहराची जमीन वर चढत गेली आणि चर्च आपल्या जागी राहिले. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवरचे मोझॅक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, इसवी सन ४००च्या सुमाराचे आहे. त्यात ख्रिस्त सिंहासनावर बसला आहे आणि प्रेषित रोमन सिनेटरांसारखे टोगा नेसून त्याच्या दोन्ही बाजूंना बसले आहेत. नीट मोजले तर प्रेषित बारा भरत नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या डागडुजीत कडेचे दोघे कापले गेले. चांगला गाईड हे न विचारता दाखवतो.

तेथून जवळच असलेल्या सांता मारिया माज्जोरेमध्ये पोप तिसरा सिक्स्तुस याच्या, म्हणजे ४३२ ते ४४० या काळातील मोझॅक आहेत. पण ती फार उंचावर असल्याने दुर्बीण नसेल तर मान मोडून पाहूनही फारसे हाती लागत नाही. त्यापेक्षा बाजूच्या गल्लीतील सांता प्रासेदे या लहानशा चर्चला अधिक वेळ द्यावा. ते नवव्या शतकातले, म्हणजे आपल्या विषयाच्या मानाने उशिराचे आहे. परंतु पोप पहिला पास्काल याने आपल्या आईसाठी बांधलेले सेंट झेनोचे दालन एवढेसे असून त्याचे छत आणि भिंतींचा वरचा भाग सोनेरी मोझॅकने भरलेला आहे. आईचे नाव थिओडोरा. तिच्या डोक्यामागचे तेजोवलय गोल नसून चौकोनी आहे. चित्र काढले तेव्हा ती व्यक्ती हयात होती, अशी ती खूण. अशा काही चर्चमध्ये दिवा लावण्यासाठी पेटीत नाणे टाकावे लागते आणि तो थोड्याच वेळात विझतो, तेव्हा सुटी नाणी खिशात असावीत.

मात्र एकच ठिकाण पाहण्याइतकी ताकद उरली असेल तर सान क्लेमेंते पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रस्त्यावरून आत शिरल्यावर दिसते ते बाराव्या शतकातील चर्च. तेथील आयरिश डोमिनिकन पंथाचे फादर जोसेफ मुलूली यांनी १८५७ साली खाली खणायला सुरुवात केली, तेव्हा साधारण त्याच आराखड्याची चौथ्या शतकातील बॅसिलिका हाती लागली. इसवी सन ११००च्या सुमारास ती भराव घालून बुजवली होती आणि तिच्याच भिंतींवर वरचे चर्च चढवले होते. तिच्याही खाली पहिल्या शतकातील रोमन इमारती आहेत. तेथील एका अंधाऱ्या खोलीत दोन्ही बाजूंना दगडी बैठका असून मधल्या वेदीवर बैलाचा वध करणारा मिथ्र, हा ख्रिस्ती नसलेल्या रोमन लोकांचा देव, कोरलेला आहे. आपल्याकडे जुन्या गावाच्या पांढरीवर नांगर लागला की खापरे वर येतात आणि खाली आणखी एक वस्ती गाडलेली असल्याचे कळते. येथे तीच उतरंड पायऱ्यांनी उतरून पाहता येते आणि वरच्या मजल्यावर उपासना आजही चालू असते. सर्वांत खालच्या पातळीवर भिंतीआडून पाणी वाहत असल्याचा आवाज येतो. पायऱ्या ओलसर असतात, म्हणून कठड्याला धरून आणि सावकाश उतरावे. वरचे चर्च विनामूल्य आहे, खाली जाण्यास तिकीट लागते.

गुडघ्यांनी मान्य केल्यास पुढे लातेरानोला जावे. रोमचे मुख्य धर्मपीठ सेंट पीटर्समध्ये नसून येथे, सान जोव्हान्नी बॅसिलिकेत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शेजारच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाची स्थापना कॉन्स्टंटाइनच्या काळातली आहे. जवळच 'पवित्र जिना' आहे. त्याच्या २८ पायऱ्या भाविक गुडघ्यांवर चढतात. तो मोह आपण टाळावा.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातील बौद्ध तरुण असून लेण्यांचा अभ्यास करतो. रोमचे कॅटाकोम म्हणजे छळाच्या काळात ख्रिस्ती लोक लपून राहत ती लेणी, असे मी वाचले आहे. हे खरे आहे काय? ख्रिस्ती नसलेल्या माणसाला आत जाता येते काय?

उत्तर : जाता येते, तिकीट काढणाऱ्या कुणालाही धर्म विचारला जात नाही. लेण्यांशी तुलना मात्र एका मर्यादेपलीकडे टिकत नाही. विहार आणि चैत्य हे राहण्यासाठी आणि उपासनेसाठी कठीण कातळात कोरले गेले; कॅटाकोम ही स्मशाने आहेत आणि ती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ टफमध्ये खोदली गेली. हा दगड कुदळीने सहज निघतो आणि हवा लागल्यावर टणक होतो.

रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफन करण्यास मनाई होती. त्यामुळे सर्वच धर्मांच्या लोकांच्या कबरी शहराबाहेरील रस्त्यांच्या कडेने असत, आणि सर्वांत जुन्या रस्त्यांपैकी एक म्हणजे इसवी सनपूर्व ३१२ मध्ये सुरू झालेला अप्पियन मार्ग, जो २०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. पौल रोमला येत असताना तेथील बंधुजन याच मार्गावर त्याला सामोरे गेल्याचे बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सांगितले आहे. ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाच्या श्रद्धेमुळे दहनापेक्षा दफन पसंत करीत, जमिनी महाग होत्या आणि मृतांची संख्या वाढत होती. म्हणून खणणारे एकाखाली एक मजले उतरत गेले. बोगद्याच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे कोरलेले असतात. त्यांत कापडात गुंडाळलेला देह ठेवून तोंड विटांनी किंवा संगमरवरी फरशीने बंद करीत. ज्यांना नाव कोरून घेण्याची ऐपत नव्हती त्यांनी ओल्या चुन्यात एखादे नाणे, काचेच्या भांड्याचा तळ किंवा खेळणे दाबून ठेवले, म्हणजे पुन्हा आल्यावर आपला कोनाडा ओळखता यावा. काही ठसे आजही चुन्यात दिसतात, आणि लहान कोनाड्यांची संख्या पाहिली की त्या काळी किती मुले दगावत असतील याची कल्पना येते.

लपण्याची गोष्ट बहुतांशी नंतरच्या काळात रचली गेली. या जागा सरकारला माहीत होत्या आणि तेथे दिवसेंदिवस राहणे हवेच्या अभावी शक्यही नव्हते. लोक तेथे दफनासाठी आणि मृतांच्या स्मरणासाठी जमत. तरीही लपण्याच्या त्या गोष्टीत काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण सम्राट व्हॅलेरियनने दफनभूमीत जमण्यावर बंदी घातल्यानंतर २५८ साली पोप दुसरा सिक्स्तुस याला कॅटाकोममध्येच पकडून ठार करण्यात आले.

एकच कॅटाकोम पाहणार असाल तर सान कॅलिस्तो पाहावा. तिसऱ्या शतकातील अनेक पोप तेथील एका दालनात पुरले गेले आणि त्यांच्या कबरींच्या फरशांवरील अक्षरे ग्रीक आहेत, कारण रोमच्या मंडळीची आरंभीची भाषा लॅटिन नसून ग्रीक होती. नवव्या शतकापर्यंत अवशेष शहरात हलवले गेले आणि ही जागा विस्मरणात गेली. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाला १८४९ मध्ये वरच्या द्राक्षमळ्यात एका फरशीचा तुकडा सापडला. त्यावर '…नेलियुस रक्तसाक्षी' (रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारा) एवढीच लॅटिन अक्षरे शिल्लक होती. हा पोप कॉर्नेलियुस असावा असे ताडून त्याने शोध चालवला, १८५२ मध्ये कॉर्नेलियुसची कबर गाठली आणि तेथेच फरशीचा उरलेला भाग मिळून नाव जुळले. पोपांचे दालन १८५४ मध्ये उघडकीस आले.

प्रश्न : आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे. मंडळीतील काही वडीलधारे म्हणतात की ती सारी कॅथलिक स्थळे असल्याने आपल्या लोकांनी तेथे जाऊन काय करायचे? – एक वाचक भगिनी, गोंदिया जिल्हा

उत्तर : ताई, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ही फूट सोळाव्या शतकातली आहे आणि आपण ज्यांविषयी विचारता त्यांतील बहुतेक स्थळे तिच्या हजार वर्षांहून अधिक आधीची आहेत. कॅटाकोमच्या भिंतींवर वधस्तंभ, म्हणजे क्रूस, जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते बायबलमधील प्रसंग : खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ, माशाच्या पोटातून सुटलेला योना, सिंहांच्या गुहेतील दानीएल आणि अग्नीच्या भट्टीतील तीन तरुण. वडीलधाऱ्यांना यातील प्रत्येक चित्र पाहताक्षणी ओळखता येईल.

प्रश्न : गाईड सांगतात त्यातले किती खरे मानावे? सेंट पीटर्सखालची कबर खरोखर पेत्राची, म्हणजे येशूचा प्रेषित सेंट पीटर याची, आहे काय? – एक वाचक, वणी तालुका

उत्तर : परंपरेने सांगितलेले आणि उत्खननात सापडलेले, या दोन गोष्टी जो वेगळ्या ठेवतो तो गाईड चांगला, मग त्याची इंग्रजी अडखळत असली तरी चालेल. फेरीच्या आरंभीच त्याला विचारून पाहावे की सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांना कोलोसियममध्ये मारले काय. नीरोच्या काळातील छळ इसवी सन ६४ चा आणि कोलोसियमचे उद्घाटन ८० सालचे, तेव्हा 'होय' असे उत्तर आले तर पुढचे सारे ऐकताना जपून राहावे.

पेत्राच्या कबरीबाबत पुरावा बराच बळकट आहे, पण पूर्ण नाही. १९४० ते १९४९ या काळात बॅसिलिकेखाली उत्खनन झाले आणि मुख्य वेदीच्या बरोबर खाली रोमन थडग्यांची एक गल्लीच सापडली. तिच्या टोकाशी दुसऱ्या शतकात उभारलेले एक लहान स्मारक आहे. कॉन्स्टंटाइनने बॅसिलिका बांधताना टेकडीचा उतार तोडला आणि वापरात असलेली दफनभूमी मातीने बुजवली. जवळ सपाट जागा असताना हा खर्चिक उपद्व्याप त्याने केला, त्याअर्थी चौथ्या शतकातील लोकांना ती नेमकी जागा महत्त्वाची वाटत होती. पोप बारावा पायस याने १९५० मध्ये कबर सापडल्याचे जाहीर केले, परंतु अस्थींविषयी खात्रीने काही सांगितले नाही. पुढे १९६८ मध्ये पोप सहावा पॉल याने अस्थीही ओळखल्या गेल्याचे जाहीर केले. ते मात्र सर्व अभ्यासकांना मान्य नाही.

हा भाग पाहण्यासाठी व्हॅटिकनच्या उत्खनन कार्यालयाकडे बरेच आधी अर्ज करावा लागतो. एका वेळी थोडीच माणसे सोडतात, लहान मुलांना प्रवेश नाही, आणि अरुंद जागेत घुसमटणाऱ्यांनी जाऊ नये.

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. शेतीची कामे सांभाळून कोणत्या महिन्यात जावे, आणि कपडे, भाषा, वेळा यांबाबत काय काळजी घ्यावी?

उत्तर : कापसाच्या वेचण्या आटोपल्यावर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. ईस्टरच्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. शेंगेन व्हिसाची तयारी मात्र दिवाळीनंतर लगेच सुरू करावी. आपल्याकडचा उन्हाळा सोसणाऱ्यांना रोमचे ऊन भिववणार नाही, परंतु कॅटाकोममध्ये बारमाही साधारण १५-१६ अंश तापमान असते, त्यामुळे शाल किंवा स्वेटर जवळ असावा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. साडी, सलवार-कमीज, धोतर यांपैकी काहीही चालते. रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे असून पावसात निसरडे होतात, म्हणून चपलांऐवजी बूट घालावेत.

कॅटाकोममध्ये एकट्याने फिरता येत नाही आणि छायाचित्रे काढू देत नाहीत. तेथील गाईडचा खर्च तिकिटातच असतो. इंग्रजी फेरी नेहमी मिळते, मराठी किंवा हिंदी मिळण्याची आशा धरू नये, म्हणून घरातील इंग्रजी समजणाऱ्या मुलाला किंवा सुनेला पुढे उभे करावे. प्रत्येक कॅटाकोमचा साप्ताहिक सुटीचा वार वेगळा असतो; सान कॅलिस्तो बुधवारी बंद असते. लहान चर्च दुपारी बारा-साडेबाराला बंद होऊन साडेतीन-चारला उघडतात आणि रविवारी सकाळी उपासना असल्याने फिरू देत नाहीत. शहरातील फेरी सकाळी नऊला सुरू करून दुपारच्या सुटीत जेवण उरकावे. अप्पियन मार्गासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.