वाचकांचे प्रश्न : जुने पुणे पायी पाहताना

प्रश्न : नागपूरहून सासू-सासरे येणार आहेत. त्यांना एका सकाळी, फार न दमवता, पेठांमधले जुने पुणे पायी कसे दाखवावे?

उत्तर : ऊन चढण्याआधी कसबा गणपतीचे दर्शन घेऊन निघावे. जवळचा लाल महाल दाखवताना मात्र आजची इमारत विसाव्या शतकातली आहे, हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही. शनिवारवाड्याचे बांधकाम 1730 मध्ये सुरू झाले आणि 1828 च्या आगीत आतील लाकडी महाल जळून गेले, त्यामुळे आत प्रामुख्याने जोतीच उरली आहेत. खरा वेळ द्यावा तो दिल्ली दरवाज्यापाशी, जिथे हत्तींनी धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ठोकलेले अणकुचीदार खिळे अजूनही दिसतात. तेथून बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाड्याकडे जावे. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याच्या दर्शनी बाजूचा सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब पाहिले, की शनिवारवाड्यात काय जळाले असेल याची थोडी कल्पना येते. पुढे तुळशीबागेचे राममंदिर आहे. पण सोबत सासूबाई असतील, तर तेथील दुकानांसाठी वेगळा तास हाताशी ठेवावा.