नाताळच्या शेजारचा हनुका

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीचा खर्डा वाचला. नाताळची झाडं विकणाऱ्या त्या मुलाचे संवाद फक्कड उतरलेत, त्यांना हात लावू नकोस. लिहायचंय ते तुझ्या नायिकेबद्दल, लेआबद्दल.

लेआ ज्यू आहे हे तिसऱ्या प्रकरणात कळतं, तेही खिडकीतल्या मेनोरामुळे, म्हणजे हनुका या ज्यू सणाच्या मेणबत्त्यांच्या दिव्यामुळे. मग घरात बटाट्याचे लाटके तळले जातात, धाकटा भाऊ ड्रायडल नावाचा भोवरा फिरवतो आणि विषय संपतो. बाकीची गोष्ट नाताळच्या तालावर चालते: झाड, बर्फ, भेटवस्तू, चोवीस तारखेच्या रात्रीचं चुंबन. उद्या तू लेआला दुसऱ्या कुठल्याही धर्माची केलीस, तरी एकही प्रसंग जागचा हलणार नाही. हिवाळी प्रेमकथेत ज्यू नायिका दिसली की मी पहिल्यांदा हेच तपासते, आणि बहुतेक वेळा हिरमुसते. नाताळच्या लाल-हिरव्याच्या जागी हनुकाचा निळा-रुपेरी रंग दिला की ‘प्रतिनिधित्व’ झालं, असं प्रकाशकांनाही वाटतं.

या समजुतीला अमेरिकेत अगदी न्यायालयाचाही टेकू मिळालाय. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोर्टाच्या जिन्यावरचा येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरवला, पण दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळच्या झाडाशेजारी उभा असलेला १८ फुटी मेनोरा चालवून घेतला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचं म्हणणं असं की, झाड आणि मेनोरा एकत्र पाहिले की तो हिवाळी सणांच्या मोसमाचाच भाग वाटतो. कायद्यापुरतं असेलही ते बरोबर. कादंबरीत मात्र झाडाच्या सावलीत उभ्या मेनोराला स्वतःचं काही काम उरत नाही.

खरं तर हनुका हा ज्यू पंचांगातला धाकटा सण. रोश हशाना (नववर्ष), योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस), पेसाख (सुटकेचा सण) हे मोठे. हनुकात शाळा-कामाला सुट्टी घ्यावी असा नियमसुद्धा नाही. अमेरिकेत तो एवढा फुगला तो नाताळच्या शेजारामुळे. आणि गोष्ट कशाची? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटिओकस राजाने जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची पूजा सुरू करवली, मकाबी हे ज्यू बंधू त्याच्याशी लढले आणि मंदिर परत मिळवून त्यांनी ते शुद्ध केलं. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याची कथा तालमूद या ज्यू धर्मग्रंथात येते, या लढ्याची हकिकत सांगणाऱ्या मकाबींच्या पहिल्या ग्रंथात तिचा पत्ताही नाही. म्हणजे मुळात हा सण बलाढ्य संस्कृतीत विरघळून जायला नकार देणाऱ्यांचा. आणि तुझी लेआ शेवटच्या पानावर झाडाखाली उभी राहून म्हणते, ‘आता मलाही नाताळ कळला.’ हे वाक्य लिहिताना तुला यातला विनोद दिसला नसावा. एखाद्या चावट मावसभावाच्या तोंडी तो घाल, लेआला उत्तर शोधू दे.

आता कामाचं बोलू. या सणाची यंत्रणाच प्रेमकथेला पुरून उरेल इतकी श्रीमंत आहे, आणि तू ती वापरलेलीच नाहीस.

पहिली गोष्ट पंचांगाची. हनुका ज्यू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ रात्री चालतो, दर रात्री एक मेणबत्ती जास्त. महिने चांद्र आणि मधूनमधून अधिक महिना, त्यामुळे आपली दिवाळी सरकते तसा तोही सरकतो. २०२४ मध्ये पहिली मेणबत्ती २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लागली. २०२६ मध्ये ती ४ डिसेंबरला लागते आणि आठवी ११ डिसेंबरला, म्हणजे नाताळ येईपर्यंत लेआच्या घरी सगळं आवरून दोन आठवडे झालेले! बाहेर गाव सजतंय आणि हिचा सण होऊन गेलाय, हा एकटेपणा कुठल्याही हिवाळी कादंबरीत मला फारसा सापडत नाही. उलट २०२७ घेतलंस तर पहिली मेणबत्ती २४ डिसेंबरला, आणि तो शुक्रवार आहे. नाताळची पूर्वसंध्या, हनुकाची पहिली रात्र आणि शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस), तिन्ही एकाच संध्याकाळी. शब्बाथच्या मेणबत्त्या सूर्यास्ताआधी लावतात, त्यामुळे हनुकाच्या त्यांच्याही आधी लावायच्या, आणि डिसेंबरात तुझ्या कथेतल्या न्यू जर्सीत साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. तुझ्या नायकाने ‘आठ वाजता येतो’ म्हटलं की गोंधळ आपोआप तयार. घर कडक पाळणारं असेल तर त्यानंतर लेआचा फोनही बंद. म्हणून आधी ठरव, हे घर किती पाळणारं आहे? कडक ऑर्थोडॉक्स, मोकळं रिफॉर्म, की फक्त आजीपुरतं धार्मिक? खर्ड्यात ते पानागणिक बदलतं. कथेचं सालही लिहिलेलं नाही. साल ठरल्याशिवाय ज्यू सणाचा एकही प्रसंग लिहू नकोस.

दुसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय. मेनोराच्या ज्योतींच्या उजेडात काही काम करायचं नसतं. वाचायचं नाही, मोजायचं नाही, नुसतं पाहायचं. म्हणून तर नववी मेणबत्ती, शमाश, वेगळी असते: तिने बाकीच्या लावायच्या, आणि उजेड वापरला गेलाच तर तो तिचा. मेणबत्त्या जळत असतात तो निदान अर्धा तास बायकांनी घरकाम बाजूला ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. दोन सोळा वर्षांची मुलं, हातात काही नाही, समोर फक्त ज्योती, आणि उठायचं कारण नाही! पोरी, एवढं आयतं मिळालेलं असताना तू त्यांना स्केटिंगला का पाठवलंस? बारकावेही जवळच आहेत. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे लावून ठेवतात पण पेटवताना सुरुवात डावीकडच्या नव्या मेणबत्तीपासून. पहिल्या रात्री आशीर्वाद तीन, नंतर दोन. खोक्यात मेणबत्त्या बरोबर ४४ येतात, त्यातली एक तुटली तर शेवटच्या रात्री पंचाईत.

तिसरी गोष्ट ती खिडकी, जी तू सजावट म्हणून वापरलीस. मेनोरा खिडकीत ठेवतात तो चमत्कार जगाला दिसावा म्हणून, पण धोका असेल तर घरात टेबलावर ठेवला तरी चालतो, अशी मुभा तालमूदनेच दिली आहे. म्हणजे ‘खिडकी की टेबल’ हा शेकडो वर्षांचा घरगुती प्रश्न आहे. १९९३ च्या डिसेंबरात माँटानातल्या बिलिंग्ज गावी एका ज्यू मुलाच्या खोलीच्या मेनोरा लावलेल्या खिडकीतून कोणीतरी वीट भिरकावली. गावच्या वर्तमानपत्राने पानभर मेनोरा छापला आणि हजारो ख्रिस्ती घरांनी तो आपापल्या खिडक्यांत चिकटवला. हा प्रसंग उचलू नकोस, तो त्या गावाचा आहे. पण लेआची आई मेनोरा कुठे ठेवते, त्यावरून घरात काय बोलणं होतं, आणि रस्त्यापलीकडच्या झाडवाल्या मुलाला ती जागा रिकामी दिसते तेव्हा तो काय समजतो, यावर तुझं अख्खं मधलं प्रकरण उभं राहील. मात्र त्याला तारणहार करू नकोस.

खाण्याचं थोडक्यात: हनुकाच्या ताटात तू मात्सा (बिनखमिराची रोटी) वाढला आहेस, तो पेसाखचा, वसंतातला. काढ. (२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानाने हनुकासाठी म्हणून ज्यूंना वर्ज्य असलेलं डुकराचं हॅम मांडलं होतं, तेव्हा तू बरीच बरी.) आणि २५ डिसेंबरला लेआच्या घरच्यांना चिनी हॉटेलात ने. अमेरिकी ज्यूंची ती जुनी रीत आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या ज्यू एलेना केगन यांना सिनेटच्या सुनावणीत नाताळच्या दिवशी कुठे होतात असं विचारलं, तेव्हा त्यांनी हेच उत्तर देऊन सभागृह हसवलं होतं.

राहिली लेआची मैत्रीण सई. ती ‘आमच्या कोकणातही ज्यू आहेत’ म्हणते आणि तू तिला त्या कोकणी ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, हनुकाचं रसभरीत वर्णन करायला लावतेस. इथे थांब. कोकण किनाऱ्यावर नवगावला उतरलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले हे लोक पिढ्यान्‌पिढ्या हनुका पाळतच नव्हते. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला. आज मुंबई-ठाण्यातल्या घरांत मेणबत्त्या लागतात हे खरं, पण त्यांचा जिव्हाळ्याचा हिवाळी सण दुसराच आहे: शेवात महिन्याच्या पौर्णिमेचा, जानेवारी-फेब्रुवारीतला, झाडांचा नववर्षदिन. तेव्हा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वर फळं. अलिबागजवळच्या खंडाळे गावी ज्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण सांगतात, तिथे माणसं जातात. आणि मलिदा लग्नाच्या आधीही होतो. कळलं का मी काय सुचवतेय? सईच्या तोंडून माहिती वदवण्यापेक्षा, लेआच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) इस्राएलमधल्या अशदोदहून आलेला, आजीशी मराठीत बोलणारा एखादा बेने इस्राएल मुलगा आण. त्याला हनुकाचं फारसं कौतुक नसू दे. लेआला पहिल्यांदाच कळेल की ज्यू असण्याचा नाताळशी काही संबंध नसलेला हिवाळाही असतो, आणि झाडवाल्या पोराला जरा स्पर्धाही होईल.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा सोबत त्या सालचं ज्यू पंचांग आणि कथेतल्या गावच्या सूर्यास्ताच्या वेळा जोड, मी प्रसंग ताडून बघेन. आणि तो एखाद्या ज्यू मुलीला वाचायला दे, फक्त ‘काही चुकलंय का’ असं विचारू नकोस. तिला कुठे कंटाळा आला ते विचार.

तुझी,
मावशी