उजवीकडचे सेक्शन

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

देहरादूनच्या लष्करी अकादमीतून आल्या आल्या तू वर्दीतच आमच्या वाळपईच्या घरी आलास. खांद्यावरचे दोन तारे पाहून काकूने तुला ओवाळले आणि त्या गडबडीत बोलायचे राहून गेले. अंगणातून उतरताना तू हळूच विचारलेस, "काका, ऐन वेळी मला भीती वाटली तर?"

वाटेल. मलाही वाटायची. मी सुभेदार होऊन घरी आलो, अधिकारी कधी नव्हतो. पण तुझ्यासारखे कोवळे लेफ्टनंट पलटणीत येताना खूप पाहिले आणि जवान त्यांना कसे जोखतात, ते मला आतून ठाऊक आहे.

कारगिल युद्धातली 2 जुलै 1999ची रात्र. बटालिक भागात 11 गोरखा रायफल्सची पहिली बटालियन खालुबारकडे चढत होती. वरून मारा सुरू झाला आणि चढाई अडली. आपल्या चोर्ला घाटात दहा पावलांवर झाड सापडते; तिथे नुसता उघडा खडक. उजाडले असते तर वरच्या शत्रूला आपली माणसे तळहातावर असल्यासारखी दिसली असती. म्हणून आड येणारी ठाणी अंधारातच मोडायला हवी होती. ते काम लेफ्टनंट मनोजकुमार पांडे यांच्याकडे आले. त्यांना 24 वर्षे पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. त्यांनी आपली तुकडी, म्हणजे प्लाटून, मोक्याच्या जागी आणली, तिच्यातला एक छोटा गट, म्हणजे एक सेक्शन, उजवीकडून धाडले आणि डावीकडून स्वतः गेले. दोन बंकर घेतले. तिसऱ्यापाशी खांद्याला आणि पायांना गोळ्या लागल्या, तरी चौथ्यावर चालून गेले. तिथे ग्रेनेड टाकताना कपाळावर मारा बसला. चौथा बंकरही पडला, आणि पुढे खालुबार आपल्या हाती आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

सगळे त्या चार बंकरांचे सांगतात. मी मात्र दर वेळी उजवीकडच्या सेक्शनपाशी थांबतो. काळोख, गोळीबार, आणि निम्मे काम दुसऱ्यावर सोपवून मागे न बघता पुढे जायचे! नव्या अधिकाऱ्याला हेच जमत नाही. एकदा सरावात आमचा एक तरुण साहेब वायरलेसवर दर मिनिटाला प्रत्येक सेक्शनला हाका मारत राहिला. मनाने चांगला होता, पण पहाटेपर्यंत कोणीच जागचे हलले नाही. तुझा सेक्शन कमांडर तुझ्याआधी कितीतरी वर्षे डोंगर चढलेला असेल. त्याला काम नीट समजावून सांग, एकदाच सांग, आणि तुझ्या वाटेला लाग. तू स्वतः कोणती वाट घेतलीस, हे सगळी प्लाटून बघत असते.

हा भरवसा लढाईच्या रात्री कोठून येणार? तो आधीच कमवायचा. लांबची पायपीट संपली की बूट काढायला लावून जवानांचे पाय स्वतः तपास. लंगरात शेवटच्या माणसाचे ताट वाढले गेले का, ते बघ, मग तू जेव. कोणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कोणाची रजा अडली आहे, हे सुभेदार साहेबांना विचारत जा. त्यांच्याशी बोलताना आवाज चढवू नकोस.

आपल्या शेजारच्या कारवारचे रामा राघोबा राणे आठवतात ना? ते पायदळाचे नव्हते, इंजिनिअर्सचे होते. एप्रिल 1948मध्ये जम्मू-काश्मीरच्या लढाईत नौशेरा ते राजौरी रस्त्यावर पहिल्याच दिवशी जखमी झाले, आणि तरी पुढचे तीन दिवस सुरुंग नि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देत राहिले. भीतीचा विचार करशील तेव्हा त्यांचे हात आठव. कामात गुंतलेले हात.

पांडे यांचे अखेरचे शब्द 'ना छोडनू', म्हणजे 'सोडू नका', होते, असे सांगतात. माणूस उत्तर प्रदेशातल्या सीतापूरचा, शब्द नेपाळी. त्यांच्या जवानांचे.

तुझी पलटण गढवालची. महिनाभराने मला पत्र पाठवशील, त्यात एक वाक्य गढवालीत लिही, आणि ते तुला कोणत्या जवानाने शिकवले, त्याचे नावही लिही.

तुझा,
सुभेदार काका