जुन्या जीपचा फोर व्हील दांडा कधी टाकावा?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातली, पेट्रोलवर चालणारी महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. महूकडच्या शेतावर, पावसाळ्यातल्या काळ्या मातीत ती अजूनही उत्तम चालते. परंतु फोर व्हील (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी जोडणी) टाकून डांबरी रस्त्यावर वळवली की स्टिअरिंग जड होते आणि खालून कडकड आवाज येतो. हा दोष कशाचा? शिवाय जेमतेम ७०-७५ अश्वशक्तीचे इंजिन इतकी चढण कसे चढते?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : हा गाडीचा दोष नाही, पण अशीच चालवत राहिलात तर दोष नक्की निर्माण होईल. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. या जीपमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअररचना) नसल्यामुळे फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणारे फिरते नळ) एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. चिखलात चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तसे घडत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) व गिअरच्या दातांवर येतो. म्हणून पक्का रस्ता लागताच फोर व्हील काढून पुढचा एक्सल सोडवावा. दांडा अडकला तर जोर न लावता गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो.

चढण्याचे सामर्थ्य अश्वशक्तीच्या आकड्यात शोधू नये. मूळचे २,१९९ घनसेंटिमीटरचे हरिकेन इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनाच सुमारे १५५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लो गिअर २.४६ आणि एक्सल ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे), या प्रमाणांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे घर्षणातली घट सोडल्यास चाकांपर्यंत तो टॉर्क ३७ पट होऊन पोहोचतो. त्याच २,००० फेऱ्यांना टॉप गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटर धावणारी ही जीप लो आणि पहिल्या गिअरमध्ये ताशी जेमतेम ७ किलोमीटरने सरकते, आणि हीच संथ गती खडकाळ घाटात तिची खरी ताकद आहे. इतका टॉर्क एकट्या मागच्या एक्सलवर पडू नये, म्हणून लो गिअर नेहमी फोर व्हीलमध्येच वापरायचा असतो.

आपल्याकडे अशा जीपचे इंजिन आणि एक्सल अनेकदा बदललेले असतात, त्यामुळे हे आकडे स्वतः पडताळावेत. फोर व्हील काढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक मागचे चाक जॅकवर उचलावे. हँडब्रेक सोडावा लागतो, कारण मूळ रचनेत तो चाकांना नव्हे तर शाफ्टला धरतो. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम अटकाव लावावा. शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक पूर्ण दोन वेळा फिरवावे; दुसरे चाक स्थिर असल्याने एक्सलमधल्या डिफरन्शियलमुळे हे दोन फेरे एकाच फेऱ्याइतके धरले जातात. शाफ्टचे पाच फेरे पूर्ण होऊन आणखी सुमारे एक तृतीयांश फेरा झाला तर एक्सल मूळचाच ५.३८ चा आहे. हीच पडताळणी पुढच्या एक्सलचीही अवश्य करावी. दोन्हींचे प्रमाण जुळले नाही, तर ते सारखे करून घेईपर्यंत फोर व्हीलचा दांडा चिखलातही टाकू नये.